प्राणप्रतिष्ठा : देवत्व देणाऱ्या विधीची वाटचाल

मूर्तिकाराच्या हातून पूर्ण झालेली मूर्ती आणि पूजेला योग्य ठरलेला देव यांच्यामध्ये भारतीय परंपरेने एक विधी उभा केला आहे. त्या विधीचे नाव प्रतिष्ठा, आणि त्यातील सर्वांत गूढ मानलेल्या भागाचे नाव प्राणप्रतिष्ठा. भाद्रपदातील पार्थिव, म्हणजे मातीच्या, गणपतीपासून मोठ्या देवालयातील पाषाणमूर्तीपर्यंत हा शब्द मराठी माणसाच्या इतक्या परिचयाचा आहे की तो मूर्तिपूजेइतकाच जुना असावा असे सहज वाटते. प्रत्यक्षात ‘प्रतिष्ठा’ आणि ‘प्राण’ हे त्याचे दोन घटक वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या संप्रदायांतून आले, आणि मूर्तीच्या विधीत ते कायमचे एकत्र येईपर्यंत हजार वर्षांचा काळ लोटला. या विधीच्या मुळाशी एक विलक्षण गृहीत आहे: पावित्र्य दगडात आपोआप नसते, ते माणसाने विधिपूर्वक द्यावे लागते, आणि जे दिले जाते ते निघूनही जाऊ शकते. ते कोणी द्यावे, ते केव्हा जाते आणि परत कसे आणावे या प्रश्नांनी या शब्दाचा पुढचा सारा इतिहास घडविला.

‘प्रतिष्ठा’ हा शब्द ‘प्रति’ हा उपसर्ग आणि ‘स्था’ म्हणजे उभे राहणे हा धातू यांपासून बनला आहे. आजच्या मराठीत त्याचा पहिला अर्थ मानमरातब असा असला, तरी वैदिक वाङ्मयात तो पाय रोवून उभे राहण्याची जागा, टेकू, आधार या अर्थाने येतो. ब्राह्मणग्रंथांत यज्ञ करणाऱ्याला प्रतिष्ठा मिळते असे वारंवार सांगितले आहे, आणि तेथे अभिप्रेत आहे ते त्याचे जगात स्थिर होणे. तैत्तिरीय उपनिषदात अन्नमयापासून आनंदमयापर्यंतच्या पुरुषाचे वर्णन पक्ष्याच्या रूपाने करताना प्रत्येकाचे शेपूट ही त्याची प्रतिष्ठा म्हटली आहे, कारण पक्षी तोल सावरतो तो शेपटाच्या आधाराने. गोदावरीकाठच्या पैठणचे प्राचीन नाव प्रतिष्ठान, तेही याच धातूचे. अस्थिर असलेल्याला पक्का ठाव मिळवून देणे हा या शब्दाचा गाभा असून पुढे देवाच्या बाबतीत तो वापरला गेला तेव्हाही हा अर्थ सुटला नाही.

वैदिक काळातील मुख्य उपासनेत मूर्तीला स्थान नव्हते, पण पावित्र्य स्थापन करण्याची कल्पना मात्र पूर्ण विकसित झालेली होती. गृहस्थाने श्रौतकर्मांसाठी गार्हपत्य, आहवनीय आणि दक्षिणाग्नी हे अग्नी विधिपूर्वक स्थापन करण्याला अग्न्याधान म्हणत. चुलीतला विस्तव आणि आधान केलेला अग्नी यांत डोळ्यांना भेद दिसत नसला तरी शास्त्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी द्रव्ये होती. हा अग्नी विझला तर प्रायश्चित्त होते, आणि काही प्रसंगी सारा विधी नव्याने करावा लागे, त्याला पुनराधेय असे नाव होते. स्थापना, खंड आणि पुनःस्थापना हा जो क्रम पुढे मूर्तींच्या बाबतीत दिसतो, त्याचा आराखडा येथेच तयार झालेला आहे. अग्निचयन नावाच्या मोठ्या यज्ञात पक्ष्याच्या आकाराची विटांची वेदी रचली जाई आणि तिच्या पहिल्या थरात ‘प्राणभृत्’ नावाच्या विटा बसविल्या जात. त्या मांडणे म्हणजे वेदीत प्राण ठेवणे होय, असे शतपथ ब्राह्मण सांगते. जड वस्तूत मंत्राने प्राण घालण्याची कल्पना मूर्तीच्याही आधी विटेच्या संदर्भात आलेली आहे, ही गोष्ट मूर्तिपूजेच्या उगमाविषयी लिहिताना फारशी लक्षात घेतली जात नाही.

यज्ञाकडून मूर्तीकडे झालेल्या संक्रमणाचा महाराष्ट्रातील साक्षीदार जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या तेथील शिलालेखात आरंभी संकर्षण-वासुदेव, इंद्र, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन असून पुढे अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणांची लांबलचक नोंद आहे. त्याच लेण्यात सातवाहन कुळातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या, आज त्यांवरची नावे आणि थोडे अवशेष उरले आहेत. म्हणजे प्रतिमा घडविण्याची कला राजघराण्याला अवगत होती, वासुदेवाची भक्तीही होती, पण पुण्यकर्म म्हणून लेखात मोजले गेले ते यज्ञ. देवप्रतिमा स्थापन केल्याचा उल्लेख त्यात नाही.

पूज्य वस्तूसंबंधी ‘प्रतिष्ठापित’ हा शब्द कोरीव लेखांत ठळकपणे दिसू लागतो तो बौद्धांकडे. स्वात खोऱ्यात सापडलेल्या एका अस्थिपात्रावर, थिओडोरस या ग्रीक नावाच्या ‘मेरिदर्ख’ म्हणजे विभागाच्या अधिकाऱ्याने शाक्यमुनी बुद्धाच्या अस्थी लोकांच्या हितासाठी प्रतिष्ठापित केल्याची नोंद गांधारी प्राकृतात आहे. वायव्येकडील बाजौर येथील दुसऱ्या एका पात्रावरच्या लेखात या अस्थींना ‘प्राणसमेत’ असे विशेषण लावलेले आहे. मात्र या लेखातील, मिनँडर या यवन म्हणजे ग्रीक राजाचे नाव असलेल्या भागाच्या अस्सलपणाविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली असल्याने त्यावर फार मोठी इमारत उभारता येत नाही. कुषाण राजा कनिष्क याच्या तिसऱ्या वर्षी बल नावाच्या भिक्षूने सारनाथ येथे बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती आणि तिच्यावरचे छत्र उभारले, आणि तेथील लेखातही प्रतिष्ठापित हेच क्रियापद आहे. पुढे पुराणांनी आणि आगमांनी जो शब्द आपलासा केला, तो दगडावर कोरून रुळविण्यात बौद्ध भिक्षूंचा आणि एका यवन अधिकाऱ्याचाही वाटा होता, हे मान्य करण्यात कोणत्याही परंपरेला कमीपणा नाही.

ब्राह्मणी परंपरेत मूर्ती आधी आली आणि तिचे शास्त्र मागाहून आले. पाणिनीच्या एका सूत्रात उपजीविकेसाठी असलेल्या पण विकाऊ नसलेल्या प्रतिमांचा उल्लेख येतो. त्यावर भाष्य करताना इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील पतंजली, सोन्याच्या लोभाने मौर्यांनी मूर्ती करविल्याचे सांगतो. मूर्ती घेऊन फिरणारा आणि तीवर पोट भरणारा पुजारीवर्ग त्या काळी होता एवढे यावरून निश्चित होते, परंतु त्या मूर्तींवर कोणता संस्कार होत असे याचा पत्ता लागत नाही. वैखानसांच्या गृह्यसूत्रात, तसेच बौधायन आणि आश्वलायन गृह्यसूत्रांना मागून जोडलेल्या शेष-परिशिष्ट भागांत विष्णुप्रतिष्ठेचे विधी प्रथम सविस्तर येतात. जोडलेल्या भागांत ते यावेत यातच त्यांची कालानुक्रमातील जागा कळून येते.

सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त प्रतिमाप्रतिष्ठेवर एक अध्याय लिहिला. मूर्तीला मंडपात आणून निरनिराळ्या ठिकाणच्या माती, वनस्पती आणि तीर्थोदके यांनी स्नान घालावे, वाद्यांच्या गजरात शय्येवर निजवावे, रात्रभर नृत्यगायनाने जागर करावा आणि शुभ मुहूर्तावर तिला पीठावर बसवावे, असा त्याचा क्रम आहे. या पूर्वतयारीला अधिवासन म्हणतात, आणि आजही मूर्तीला पाण्यात, धान्यात व शय्येवर ठेवण्याचे जे जलाधिवास, धान्याधिवास आणि शय्याधिवास हे विधी होतात ते याच परंपरेतले आहेत. या अध्यायातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र अधिकारासंबंधीची आहे. विष्णूची स्थापना भागवतांनी करावी, सूर्याची मगांनी, शंभूची भस्म लावणाऱ्या द्विजांनी, मातृकांची त्यांचे मंडल जाणणाऱ्यांनी, बुद्धाची शाक्यांनी आणि जिनांची दिगंबरांनी, आणि ज्याने त्याने ती आपापल्या विधीने करावी, असे तो म्हणतो. सूर्याचे उपासक मग हे इराणकडून आलेले पुरोहित होते. देवत्व देण्याचा हक्क कोणा एकाच वर्गाकडे नव्हता, तो त्या त्या देवाच्या उपासकांकडे होता, ही सहाव्या शतकातील साक्ष पुढच्या घडामोडी समजून घेताना विसरता येण्यासारखी नाही.

मत्स्यपुराण, अग्निपुराण आणि शैव-वैष्णव आगम यांत हा विधी विस्तारत गेला. सोन्याच्या शलाकेने मूर्तीचे डोळे उघडण्याला नेत्रोन्मीलन म्हणत, आणि श्वेतांबर जैनांमध्ये तर संपूर्ण प्रतिष्ठेलाच अंजनशलाका हे नाव पडले. दिगंबरांत तीर्थंकराच्या गर्भापासून मोक्षापर्यंतचे पाच प्रसंग साजरे करून मूर्ती पूज्य होते, म्हणून ती पंचकल्याणक प्रतिष्ठा. यज्ञातील होम, राजाच्या अभिषेकातील कलश आणि अतिथीच्या सत्कारातील स्नान-भोजन-शय्या हे सारे या विधीत येऊन मिळाले, कारण नव्याने येणारा देव हा एकाच वेळी अग्नीसारखा स्थापन करायचा, राजासारखा अभिषिक्त करायचा आणि पाहुण्यासारखा वागवायचा होता.

प्राण घालण्याचा स्वतंत्र मंत्रविधी मात्र तंत्रग्रंथांतून आला. लक्ष्मणदेशिकाच्या ‘शारदातिलक’ या मध्ययुगीन ग्रंथात प्राणप्रतिष्ठेचा मंत्र येतो आणि पुढच्या धर्मनिबंधकारांनी तो तेथून उचललेला दिसतो. या ग्रंथावरची प्रसिद्ध टीका राघवभट्टाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस काशीत लिहिली, आणि त्याचे घराणे मूळचे गोदातीरीच्या जनस्थानाचे, म्हणजे नाशिकचे होते. या विधीत बीजाक्षरे उच्चारून मूर्तीच्या हृदयाला स्पर्श करतात आणि देवतेचा प्राण, जीव, सर्व इंद्रिये, वाणी आणि मन यांनी येथे येऊन सुखाने राहावे अशी प्रार्थना करतात. तांत्रिक पद्धतीत उपासक आधी भूतशुद्धीने आपले शरीर शुद्ध करतो, न्यासाने म्हणजे अवयवांवर मंत्र ठेवून स्वतःला देवतामय करतो, आणि मग आपल्या हृदयातील देवता श्वासावाटे हातातील फुलात व फुलातून मूर्तीत आणतो. देव आकाशातून उतरत नाही, तो पूजकाच्या अंतःकरणातून बाहेर येतो, हा त्यातील सिद्धान्त मूर्तिपूजेवरच्या पुष्कळशा आक्षेपांना परस्पर उत्तर देणारा आहे, आणि तो गणेशचतुर्थीच्या पूजेत आजही, बहुधा अर्थ न कळता, उच्चारला जातो.

या विचाराला वैदिक परंपरेच्या आतूनच विरोध झाला. यज्ञशास्त्राचा विचार करणाऱ्या मीमांसकांच्या मते देवता ही मंत्रातील शब्दापुरती असते. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करणाऱ्या शबराने देवतेला शरीर नाही, ती खात नाही आणि तिची मालमत्ताही नसते असे स्पष्ट लिहिले आहे. अमुक गाव देवाचे आहे असे लोक म्हणतात तो केवळ लाक्षणिक प्रयोग होय, कारण ज्याची मालकी असते तो वस्तू इच्छेप्रमाणे वापरतो आणि देव तसे करत नाही, हा त्याचा युक्तिवाद. राजे देवांना गावे इनाम देत राहिले आणि पंडित या युक्तिवादाची पारायणे करत राहिले. दोन्हींचा मेळ घालण्याची निकड पुढे न्यायालयांत उत्पन्न झाली.

दिलेले देवत्व जाते केव्हा, याची चर्चा निबंधकारांनी बारकाईने केली आहे. मूर्ती भंगली, तडकली, जळली, पीठावरून ढळली, तिची पूजा बंद पडली, गाढवासारख्या पशूचा तिला स्पर्श झाला, ती अपवित्र भूमीवर पडली, अन्य देवतेच्या मंत्रांनी पूजली गेली, अशा कारणांची दहा कलमी यादी बंगालच्या रघुनंदनाने आणि ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्टाने उद्धृत केली आहे, आणि तिच्यात पतित मानलेल्यांचा स्पर्श हेही एक कारण आहे. दोष जितका मोठा तितका शुद्धीचा विधी मोठा, आणि अखेरचा उपाय पुनःप्रतिष्ठा. वराहमिहिराच्या अध्यायात जो प्रश्न उपासनेच्या ओळखीचा होता तो येथे स्पर्शाच्या अधिकाराचा झाला. जन्मावरून माणसाला अपवित्र ठरविणारे हे कलम या शास्त्रावरचा सर्वांत काळा डाग आहे.

कमलाकरभट्ट ज्या घराण्यातला होता ते भट्ट घराणे मूळचे पैठणचे. त्याचा पणजोबा रामेश्वरभट्ट काशीला गेला, आणि रामेश्वराचा मुलगा नारायणभट्ट (जन्म १५१३) याने सोळाव्या शतकात काशीच्या विश्वेश्वर मंदिराच्या पुनःस्थापनेत पुढाकार घेतला. कमलाकराने १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला, आणि त्याचा चुलतभाऊ नीलकंठ याने आपल्या ‘मयूख’ नावाच्या बारा ग्रंथांपैकी एक, ‘प्रतिष्ठामयूख’, याच विषयाला वाहिला. महाराष्ट्रातील पौरोहित्याला जी प्रतिष्ठाविधीची चौकट मिळाली ती बऱ्याच अंशी या एका कुटुंबाने घडविली आहे. नारायणभट्टाने ‘त्रिस्थलीसेतु’ या काशी, प्रयाग आणि गया यांवरील ग्रंथात एक निर्णय दिला आहे, जो या साऱ्या इतिहासात अढळपणे उभा राहतो. काळाच्या फेऱ्यात काशीचे मूळ लिंग हलवून दुसरे बसविले गेले असेल तर यात्रेकरूने तेथे जे लिंग असेल त्याची पूजा करावी. आणि राजसत्तेच्या जोरामुळे तेथे एकही लिंग नसेल तर स्नान घालण्यासारखे उपचार शक्य नसले तरी त्या स्थानालाच प्रदक्षिणा आणि नमस्कार करावा, असे तो सांगतो. विधीच्या सूक्ष्म नियमांत आयुष्य घालविलेल्या या पंडिताने विधी अशक्य झाला त्या जागी भक्ताची वाट बंद केली नाही.

याच घराण्यातील गागाभट्टाने, म्हणजे कमलाकराच्या पुतण्याने, ६ जून १६७४ रोजी रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. राजाचा अभिषेक आणि मूर्तीची प्रतिष्ठा यांचे नाते वर आलेच आहे. रायगडावर ते आणखी स्पष्ट झाले, कारण त्याच वर्षी आश्विन शुद्ध पंचमीला निश्चलपुरी गोसावी याच्या हस्ते दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक झाला आणि त्याचे वर्णन ‘शिवराज्याभिषेककल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात उपलब्ध आहे. वैदिक आणि तांत्रिक हे दोन प्रवाह मूर्तीच्या विधीत एकजीव झाले होते, रायगडावर मात्र ते साडेतीन महिन्यांच्या अंतराने वेगळे उभे राहिले.

नारायणभट्ट काशीत ज्या प्रश्नाला तोंड देत होता तोच त्याच्या हयातीत गोव्यातील गावकऱ्यांपुढे अधिक तीव्रतेने उभा होता. पोर्तुगीज अमलाखालील तिसवाडी, साष्टी आणि बार्देश या महालांत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून देवळे पाडली जाऊ लागली, आणि १५६७ च्या सुमारास साष्टीत ही मोहीम टोकाला गेली. मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, खाडीपलीकडे प्रियोळला आले, आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. अचल मूर्ती हलवू नये हा शास्त्राचा दंडक होता, पण पोर्तुगीज हद्दीपलीकडच्या फोंडे महालात, प्रारंभी साध्याशा निवाऱ्यात, या देवांची पूजा पुन्हा सुरू झाली, आणि कुळाव्यांची, म्हणजे त्या दैवताच्या भक्तकुळांची, देवाशी असलेली बांधिलकी स्थानांतराने तुटली नाही. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर तर याआधीही एकदा उखडले गेले होते आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा स्थापिले होते. पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरील देऊळ पाडल्यावर हे लिंग डिचोली महालातील नार्वे येथे आले, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे देवालयाच्या बांधकामाला आरंभ केल्याचा शिलालेख दारावर आहे. मधल्या काळात हे लिंग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी लावले गेले होते अशी परंपरा सांगते. दशकारणांच्या यादीप्रमाणे पाहिले तर त्यातील देवत्व कितीदा तरी गेले असावे, परंतु लिंग तेच राहिले आणि लोकांनी ते देव म्हणूनच ओळखले.

लोकपरंपरेत तर प्रतिष्ठेविना देव हीच मोठी परंपरा आहे. नर्मदेतील बाणलिंग आणि गंडकीतील शालिग्राम यांना आवाहनाची गरज नाही हे शास्त्रानेही मानले. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा यांचे शेंदूर लावलेले तांदळे, म्हणजे आकार न दिलेले दगड, स्वयंभू म्हणून पूजले जातात. धनगरांच्या दैवतांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या गुंथर सोंथायमर यांनी हे जग समोर आणले, आणि त्याच सोंथायमरांनी हिंदू देवतेच्या कायदेशीर व्यक्तित्वावरही लिहिले. पंढरीचा विठ्ठल वारकऱ्यांच्या श्रद्धेनुसार पुंडलिकासाठी स्वतः येऊन विटेवर उभा राहिला, त्याची स्थापना कोणा आचार्याने केलेली नाही. पंढरपूरच्याच काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या ‘धर्मसिंधु’त मात्र प्रतिष्ठा, जीर्णोद्धार आणि पुनःप्रतिष्ठा यांचे नियम आहेत, आणि अशा रीतीने दोन्ही दृष्टी एकाच गावात शेजारी नांदल्या.

ब्रिटिश अमदानीत मीमांसकांचा जुना प्रश्न न्यायालयात आला. डाकोरच्या रणछोडरायाच्या उत्पन्नावरील वादात मुंबई उच्च न्यायालयाने १८८७ मध्ये देवस्थानाला आणि त्याच्या देवाला कायद्याच्या दृष्टीने हक्क धारण करणारी व्यक्ती मानले. कलकत्त्यात याच्या पुढचा पेच निर्माण झाला: मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतर ज्या मूर्तीची स्थापना व्हायची आहे, तिला देणगी देता येते काय, कारण प्रतिष्ठा होण्यापूर्वी घेणारा देवच अस्तित्वात नाही. १९०९ मध्ये तेथील पूर्ण पीठाने अशी देणगी ग्राह्य ठरविली. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मलिक घराण्याच्या देवाच्या खटल्यात आणखी पुढे जाऊन, मूर्ती कोठे ठेवावी याबाबत तिची इच्छाही विचारात घ्यावी असे म्हटले. शबराला हे पटले नसते.

दशकारणांतील स्पर्शाच्या कलमाचा हिशेब महाराष्ट्रात विसाव्या शतकात झाला. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला, तरी मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले आणि बडव्यांनी अखेर संमती दिली. त्या वेळी सनातनी पक्षातील काही जणांनी, हरिजनांचा प्रवेश होण्यापूर्वी, मूर्तीतील देवत्व मंत्रांनी कलशातील पाण्यात काढून घेतल्याचे सांगितले जाते. मूर्ती दुरुस्तीसाठी हलवताना तिचे चैतन्य तात्पुरते कलशात आणण्याची शास्त्रात सोय आहे. येथे तीच सोय माणसांना देवापासून दूर ठेवण्यासाठी वापरली गेली. वारकऱ्यांच्या दृष्टीने या कृतीला काही अर्थ नव्हता, कारण जो देव कोणी विटेवर बसविला नव्हता तो कोणाला उतरवून नेता येणे शक्य नव्हते, आणि मंदिर खुले झाल्यावर नव्याने आत आलेल्या भाविकांनी इतरांप्रमाणेच त्या विठ्ठलाच्या पायावर डोके ठेवले.